बिननावाचं बाळ आणि तीन दिवे

अंत्युखिया, कुंभारवाडा
उपवासकाळाचा दुसरा आठवडा, मंगळवार

लावदिकीयाच्या विहीणबाई सेवेरा यांस, अंत्युखियाहून दोम्निनाचा प्रभूमध्ये नमस्कार.

आधी आनंदाची बातमी, शंका तुम्ही मागाहून काढालच. तुमच्या युफेमियाला परवा पहाटे मुलगा झाला. बाळ अंगाने बारीक आहे, पण नाक आमच्या घरचं आहे, त्यामुळे तेवढी काळजी मिटली. बाळंतीण बरी आहे. कळा देताना ती सारखी "आई, आई" म्हणत होती. मी समोरच होते, पण हाक मला नव्हती, हे मला कळतं.

मागच्या वर्षीचं तुम्ही विसरला नसाल. ते लेकरू नाव ठेवायच्या आतच गेलं. त्याच्या आजोबांच्या, माझ्या मालखोसांच्या कबरीशेजारी त्याला निजवलं, आणि दगडावर काय कोरायचं ते न सुचून त्याच्या बापाने, आमच्या गायानोसने, नुसता क्रूस कोरला. युफेमिया त्या दगडापाशी जाते तेव्हा हाक काय मारायची हेच तिला कळत नाही. नुसती उभी राहते आणि परत येते. म्हणून या खेपेला बाळ हातात दिल्यावर तिचं पहिलं बोलणं हेच: "सासूबाई, याचं नाव लवकर ठेवा." तर सातव्या दिवशी ठेवणार आहोत.

आमच्या घरची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, तरी तुम्ही ती दरवेळी विसरता, म्हणून लिहिते. दिवे मांडायचे, प्रत्येक दिव्याला एक नाव द्यायचं, सारखं तेल घालून एकदम लावायचे. जो सगळ्यांच्या मागे टिकेल त्याचं नाव बाळाला. नाव टिकणारं निघालं की माणूसही टिकतो. मालखोसांचं नाव असंच पडलं होतं, आणि ते किती टिकले ते तुम्ही पाहिलंत. शेवटची काही वर्षं तर तुम्ही पत्रात "अजून आहेत का?" असं विचारत होतात.

आमच्या पाळकांनी रविवारी या पद्धतीवर घसा बसेपर्यंत उपदेश केला. ही मूर्तिपूजकांची खोड आहे म्हणाले. ज्या दिव्यांच्या उजेडात ते बोलत होते ते आमच्याच भट्टीतले. दिव्यावर क्रूस उमटवला की तो धर्माचा, त्यालाच मालखोस म्हटलं की सैतानाचा. हे शास्त्र कुंभारणीला कुठून कळणार! तरी त्यांचंही मन राखायचं म्हणून एक दिवा मालखोसांचा आणि एक धर्मासाठी जीव दिलेल्या रक्तसाक्षी रोमानोस यांचा लावायचं ठरवलंय.

तुम्हाला काही नाव सुचवायचं असेल तर जरूर सुचवा. ऐकून घेऊ.

— दोम्निना


लावदिकीया
दुसरा आठवडा, शनिवार

कुंभारवाड्याच्या विहीणबाई दोम्निना यांस, इथल्या देवळाचे दिवंगत डीकन लेतोयोस यांची पत्नी सेवेरा हिचा नमस्कार आणि शांती.

नातू झाल्याचं वाचून मी गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले. नाकाचं वाचून पुन्हा टेकले. वाढत्या वयात नाकं सुधारतात असं ऐकून आहे.

दिव्यांविषयी काय बोलावं? माझ्या माहेरी आणि सासरी कुणी लेकराच्या नावावर शर्यत लावलेली नाही. आमच्याकडे नाव ठरतं प्रार्थनेने, दिवा लागतो संध्याकाळच्या स्तोत्राला, आणि पैजा लावायच्या असतील तर त्यासाठी तुमच्या शहरात घोड्यांचं मैदान आहे. हे सगळं लेतोयोस असते तर त्यांनी तुम्हाला गोड शब्दांत सांगितलं असतं. मला तसं जमत नाही.

पण तुम्ही दिवे लावणारच, हे मी जाणते. आणि लावणारच असाल तर मुलीकडच्या आजोबांचं नाव बाहेर राहणं बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील! म्हणून लेतोयोस यांच्या नावाचा एक दिवा असावा. मी या प्रकारात भाग घेत नाही, हे पुन्हा सांगते. फक्त दिवा पाठवते.

दिवा इथलाच असेल. तुमच्या भट्टीतला नको. मालखोसांनी जुन्या नगरदेवीच्याच साच्यात क्रूस कोरला, हे सगळ्या जगाला माहीत आहे. क्रूसाखाली देवीचा मुकुट अजून दिसतो आणि तुम्ही तो काट्यांचा मुकुट म्हणून खपवता. माझ्या नवऱ्याचं नाव त्या देवीच्या डोक्यावर मला ठेवायचं नाही.

तेव्हा माझा दिवा पोचेपर्यंत थांबा. घाई कसली? नाव काही पळून जात नाही.

मी स्वतः आले असते, पण गुडघे साथ देत नाहीत. शिवाय लग्नात मला ज्या बाकावर बसवलं होतंत, दाराशी, वाऱ्याच्या तोंडी, तो बाकही मला अजून चांगला आठवतो.

— सेवेरा


अंत्युखिया
तिसरा आठवडा, गुरुवार

विहीणबाई,

थांबलो. सातवा दिवस आला नि गेला. बाळाला आम्ही "अरे", "ए" आणि "सोन्या" म्हणतो. युफेमियाला हे आवडलेलं नाही. म्हणाली, "ठेवा काहीतरी नाव आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, "तुझ्याच आईची आज्ञा आहे बाई, मी कोण मोडणारी?" त्यावर ती काही बोलली नाही. तुमच्या मुलीला हे छान जमतं. न बोलता ती एवढं बोलते की माझं जेवणावरचं लक्ष उडतं.

बाक वाऱ्याच्या तोंडी नव्हता, दाराच्या उजव्या हाताला होता. तिथे आधी गायानोसचे मामा बसले होते. तुम्ही त्यांना उठवून स्वतः बसलात आणि गेली चार वर्षं बाकाला शिव्या घालताय. मुकुटाचं म्हणाल तर गिऱ्हाइकाला जे दिसतं ते दिसतं. कुणाला काटे दिसतात, कुणाला देवी. तुम्हाला देवी दिसली, त्याला मी काय करू?

बाळ दूध फार पीत नाही. दोन घोट घेतो आणि तोंड फिरवतो. मी म्हटलं, डीकनांचा नातू आहे, उपवास पाळत असेल. सुईण येऊन गेली. म्हणाली, याला ऊब द्या, दुसरं काही नको. त्यात काय अवघड आहे! कुंभाराच्या घरात उबेला काय तोटा? शेगडी दिवसरात्र धगधगते आहे आणि बाळ तिच्याजवळ टोपलीत निजतो. हात मात्र थंड लागतात.

तुमचा दिवा गाढवावरून येतोय की गोगलगाईवरून, तेवढं कळवा.

— दोम्निना


लावदिकीया
चौथा आठवडा, सोमवार

विहीणबाई दोम्निना यांस,

माझी दासी मारोना ही दिवा घेऊन येते आहे. उशीर झाला, कारण पहिल्या कुंभाराने क्रूस वाकडा काढला. अंत्युखियात चालला असता. दुसरा दिवा झाल्यावर तो तीन दिवस रक्तसाक्ष्यांच्या कबरीपाशी ठेवला. पवित्र गोष्टींना वेळ लागतो.

दिवा कोरा नाही, भिजवून पाठवते आहे. कोरी माती तेल पिते, एवढं डीकनाच्या घरातसुद्धा कळतं.

आता नीट ऐका. दिवे दिवसा लावायचे, उघड्या अंगणात. माझ्या नणंदेच्या घरी रात्री लावले होते. राखणाऱ्या बायका पेंगल्या आणि सकाळी प्रत्येक दिव्यात संध्याकाळपेक्षा जास्त तेल निघालं. वाती मारोना वळेल. तेल एकाच बुधल्यातून आणि एकाच पळीने. आणि आदल्या संध्याकाळपासून घरात दुसरा विस्तव नको. चूल नको, शेगडी नको, भट्टी तर मुळीच नको. नंतर "ठिणगी उडाली", "धूर लागला", "भट्टीच्या धगीने तेल पातळ झालं" असली कारणं मला ऐकायची नाहीत. उपवास चालू आहे, एक दिवस थंड जेवलात तर पुण्यच पदरी पडेल.

बाळ खात नाही म्हणता, तर त्यात नवल नाही. लेतोयोसही खात नसत. ते सेवेराच्या हातचं असल्यामुळे असेल, असं तुम्ही म्हणणार, म्हणून मीच म्हणून टाकते.

मारोनाच्या हाती अंजिरं पाठवली आहेत. ती युफेमियाची आहेत.

— सेवेरा


अंत्युखिया
पाचवा आठवडा, बुधवार

विहीणबाई,

दिवा पोचला. मारोना पोचली. अंजिरं अर्धी पोचली, मारोनाला वाटेत भूक लागली असावी.

दिवा तुम्ही भिजवलात ते कळलं. कशात भिजवलात तेही कळलं. मी कुंभारीण, नवा दिवा हातात आला की जीभ लावून पाहायची सवय. लावली. सगळा लावदिकीयाचा समुद्र माझ्या तोंडात आला! मातीत मीठ मुरलं की तेल सावकाश जळतं, ही युक्ती माझ्या सासूबाईंना ठाऊक होती, आणि त्या तर मूर्तिपूजक होत्या. रक्तसाक्ष्यांच्या कबरीपाशी तीन दिवस तुमचा दिवा काय, मिठाच्या पाण्यात बुडून बसला होता?

मी हे अंगणात सगळ्यांदेखत विचारलं. तुमची मारोना लाजेल असं वाटलं होतं. ती कसली लाजते! तिने माझा मालखोसांचा दिवा उचलला, पालथा केला, बोटांनी मापला आणि म्हणाली, "याचं पोट बघा केवढं! पळीभर तेल याच्या तळाशी आधीच लपेल." मी म्हटलं, साचा जुना आहे, माणसाचं पोट सुटतं तसं साच्याचंही सुटतं. मग रोमानोसाच्या दिव्याकडे कुणी पाहायला तयार नव्हतं. शेवटी शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावायला लागल्या आणि दिवस मावळला. गायानोस कामावरून आला, आम्हा दोघींकडे पाहून म्हणाला, "पोराचं नाव ठेवायचं राहिलं बाजूला, तुम्ही एकमेकींनाच नावं ठेवत बसा." माझा मुलगा सहसा इतकं बोलत नाही.

तुमच्या अटीप्रमाणे आदल्या संध्याकाळी सगळा विस्तव विझवला होता. तो उगाच विझला. पुन्हा पेटवायला निम्मी सकाळ गेली.

आता असं करते. तुमचा दिवा गोड्या पाण्यात घालून मीठ काढते. मालखोसांचा दिवा फोडला आहे, नवीन घडवून वाळवून भाजायला आठवडा लागेल. तोवर थांबू. एवढं थांबलो, तर आणखी आठवड्याने काय बिघडतं?

बाळाचं रडणं आता पुष्कळ कमी झालंय. शेजारणी म्हणतात, किती शहाणं पोर, आवाज म्हणून नाही! युफेमिया मात्र दिवसभर त्याच्या छातीला कान लावून बसते. घरात एवढी कामं पडली आहेत. तुमच्याकडे मुलींना काही शिकवून पाठवायची पद्धत नाही का?

— दोम्निना


लावदिकीया
पाचवा आठवडा, रविवार

विहीणबाई,

चोराच्या उलट्या बोंबा! मीठ आमच्या हवेतच आहे. इथे दारं गंजतात, कपडे चिकटतात, तर दिव्याला चव येणारच. ज्या बाईने दिव्याच्या पोटात तळघर बांधलं तिने दुसऱ्याच्या दिव्याला जीभ लावू नये.

तरी मी मोठेपणा घेते. माझा दिवा ठेवा बाजूला. तिन्ही दिवे तुमच्याच भट्टीतून काढा, एका साच्यातून, मारोनाच्या डोळ्यांसमोर. हो, मुकुटासकट. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर पुष्कळ सहन केलं, हेही करतील. दिवस पवित्र सप्ताहातला बुधवार असू दे, अजून दहा दिवस आहेत, तोवर दिवे वाळून भाजून होतील. विस्तवाची अट मात्र कायम. मागच्या वेळी पाळलीत, तशीच पाळा.

बाळ रडत नाही हे चांगलंच लक्षण आहे, लेतोयोसांचा स्वभाव. युफेमिया कुणावर गेली होती देव जाणे. इतकी रडायची की लेतोयोस स्तोत्र अर्धं टाकून घरी यायचे. मी तिला छातीशी धरून अंगणात येरझारा घालायची, पाय सुजेपर्यंत. थांबले की पुन्हा सुरू. तिच्या डोक्याला त्या वेळी दुधाचा असा एक वास यायचा...

असो. पळीचं माप मारोनाला सांगून ठेवलं आहे. तिच्याशी हुज्जत घालू नका.

— सेवेरा


अंत्युखिया
पवित्र सप्ताह, बुधवार

विहीणबाई,

दिवे लावले होते. विझले. तिन्ही एकदम. कुणी जिंकलं नाही.

बाळाला घेऊन युफेमिया देवळाकडे गेली आहे. गायानोस सोबत गेला. मारोना आणि मी अंगणात बसलो आहोत आणि आम्ही भांडत नाही आहोत. यावरून काय समजायचं ते समजा.

जाताना ती मला काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. त्यातलं अर्धं तुमच्या वाटचं होतं. माझं मी घेतलं.

शेगडी पेटवली आहे. चूल पेटवली आहे. काय भाजायचं ते ठाऊक नाही, पण भट्टीही पेटवली आहे.

हे पत्र घोडेस्वाराच्या हाती देते, म्हणजे लवकर पोचेल.

— दोम्निना


लावदिकीया
पवित्र सप्ताह, शुक्रवार

युफेमिया, मुली,

तुझ्या सासूचं पत्र आत्ता पोचलं. त्या बाईने आयुष्यात कधी एवढं थोडं लिहिलेलं नाही. मी ते चार वेळा वाचलं, पाठीमागेही पाहिलं. मला काही कळत नाही.

शेगडी विझवायला मीच लिहिलं होतं का? मला नक्की आठवत नाही. खोटं कशाला बोलू, चांगलं आठवतंय. दोनदा लिहिलं.

मी दिव्याचं विचारलं, वातीचं विचारलं, पळीचं विचारलं. तुझं दूध येतं का, तुला झोप मिळते का, हे एकदाही विचारलं नाही. तुझ्या सासूच्या पत्रात बाळ थंड आहे असं लिहिलेलं होतं, खात नाही असं लिहिलेलं होतं, आणि मी त्याला उत्तर म्हणून तुझ्या बापाचे किस्से लिहिले. तू आतापर्यंत किती वेळा माझ्यावर चिडली असशील! खुशाल चीड. पण उत्तर दे.

नाव काय वाटेल ते ठेव. मालखोस ठेव. त्या म्हाताऱ्याचं नाव मी रोज तोंडाने घेईन, एक शब्द बोलणार नाही.

फक्त एक ओळ लिही. तो आहे का?

— तुझी आई


अंत्युखिया
पुनरुत्थानाच्या सणानंतरचा मंगळवार

आई,

तो आहे.

हे आधी लिहिलं, कारण मला माहीत आहे तू बाकीचं उभ्यानेच वाचशील. आता बस.

बुधवारचं सांगते. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी तुझ्या आज्ञेप्रमाणे घरातला सगळा विस्तव विझवला. मी म्हटलं, निदान बाळाची शेगडी राहू दे. सासूबाई म्हणाल्या, "तुझी आई पुन्हा मला लबाड म्हणेल." मारोना म्हणाली, "बाईसाहेबांनी दोनदा बजावलंय." रात्रभर मी त्याला अंगाशी धरलं, गायानोसने आमच्या दोघांवर घरातल्या सगळ्या घोंगड्या टाकल्या. भट्टीच्या घरात, आई! जिथे उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवत नाही, तिथे माझं लेकरू गारठलं.

सकाळी उन्हात तुमचे तीन दिवे लागले. सगळं तुझ्या मनाजोगतं झालं, एक माती, एक माप, एक तेल. एका पाटावर सासूबाई, दुसऱ्यावर मारोना, आणि मध्ये मालखोस, लेतोयोस आणि रोमानोस जळतायत. दोघी इतक्या टक लावून बसल्या होत्या की माशी बसली तरी एकमेकींवर आळ घेत होत्या. बाळाने पहाटेपासून आवाज केला नव्हता. ओठ जांभळट दिसायला लागले. मी घरातून ओरडले, "थोडं तेल द्या, गरम, मी त्याला चोळते." सासूबाई म्हणाल्या, "बुधला मारोनाने बंद केलाय, निकाल लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." मी पुन्हा मागितलं. मारोनाने मान हलवली.

मग मी बाहेर आले. तेल कुठे आहे ते मला दिसतच होतं. मी दिवे उचलले आणि एकामागून एक परातीत उपडे केले. सासूबाईंचा नवरा, तुझा नवरा आणि रक्तसाक्षी, तिघेही. वाती विझल्या, तेल छान कोमट होतं. मारोना किंचाळली की निकाल काय लागला! मी म्हटलं, "बरोबरी."

मग मी अंगणातच बसले आणि त्याला उघडा करून उन्हात ते तेल चोळलं. छातीला, पाठीला, तळव्यांना. किती वेळ चोळलं ते सांगता येत नाही, माझे हात भरून आले. तुम्हा दोघींना मी त्या वेळी जे बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनी तुझा वाटा ठेवून घेतला असेल तर मागून घे. सुरुवातीला तो नुसता डोळे मिटून होता. मग कपाळाला आठी पडली. मग ओठ हलले. मग त्याने जो टाहो फोडला, आई, की भिंतीपलीकडच्या शेजारणी, शहाणं पोर म्हणणाऱ्या, सगळ्या धावत आल्या.

तशीच मी त्याला घेऊन देवळात गेले. मागच्या वेळी वाट पाहत बसले होते. आता नाही बसणार, हे मी ठरवलं होतं. पाळक स्वतः दारात आले. बाळ तेलाने माखलेलं, कपाळावर काजळी. त्यांना वास आला. म्हणाले, "दिव्याचं तेल आजाऱ्याला लावायचं ते देवळातल्या दिव्याचं. घरातल्या खेळातलं नाही." मी म्हटलं, "महाराज, दिवे दोन्हीकडे आमच्याच भट्टीतले आहेत." दिव्यांवर त्यांचं आणखी एक प्रवचन तयार असावं, पण त्यांनी ते माझ्यावर खर्च केलं नाही. बाळाकडे पाहून म्हणाले, सणापर्यंत थांबायला नको, आत्ताच बाप्तिस्मा देऊ. आणि मग त्यांनी विचारलं, "नाव काय?"

गायानोसने माझ्याकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याला घरी परत जाऊन आईला तोंड द्यायचं होतं. मी सांगितलं, "झोसिमोस."

आपल्याकडे या नावाचं कुणी नाही, त्यांच्याकडेही नाही. म्हणून कुणाचा मान राहिला नाही आणि कुणाचा गेलाही नाही. अर्थ तुला ठाऊक आहे: जो जगेल तो. मला तेवढंच हवं होतं. तुम्हा दोघींना त्यापेक्षा बरंच काही हवं होतं.

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा पोटभर प्याला. पाळक म्हणतात बाप्तिस्म्याचा गुण. मारोना म्हणते तेलाचा, आणि त्यातल्या त्यात लेतोयोसांच्या दिव्यातल्या. सासूबाई म्हणतात चोळण्याचा, ती त्यांच्या माहेरची पद्धत आहे म्हणे. मी म्हणते त्याला थंडी वाजत होती. पण माझं कोण ऐकतंय!

सासूबाई त्या बुधवारपासून शेगडीजवळून फारशा हलल्या नाहीत. निखारा जरा राखाडी झाला की फुंकर घालतात. काल मी उठून पाहिलं तर त्या झोसिमोसला छातीशी धरून अंगणात येरझारा घालत होत्या आणि रडत होत्या. मी पाहिलं हे त्यांना कळू दिलं नाही. तूही लिहू नकोस. मागच्या वर्षीच्या लेकराची त्यांना आठवण आली असेल. मलाही येते. त्याच्या दगडावर काय कोरायचं ते मी गायानोसला सांगितलंय. तुमच्यापैकी कुणाला विचारलं नाही.

तू ये. गुडघ्यांचं कारण मला सांगू नकोस. बाजारात भाव करायला तुझे गुडघे चांगले चालतात. येताना अंजिरं आण, आणि ती तूच आण.

हे लिहायला एक हात पुरतो, दुसऱ्यात तो आहे. पितोय. मध्येच थांबतो, हिरड्या आवळून असा चावतो की डोळ्यांत पाणी येतं, आणि सोडायला सांगितलं तर आणखी घट्ट धरतो. तोंडात दात नाही एक, तरी चावतो. दोन्ही आज्यांवर गेलाय.

— युफेमिया